इंदूरचं मराठी मत: कल, टक्का आणि यादी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नोकरीत असताना मी चार-पाच निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून ड्यूटी केली. निवृत्त झाल्यापासून कॉलनीतल्या दोन बूथांच्या याद्या सांभाळतो. निवडणूक जवळ आली की लोक जिना चढून येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं दर वेळी तोंडी देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी. कोणाला मत द्या हे इथे सापडणार नाही. मी कोणाला देतो हे सौभाग्यवतींनाही सांगत नाही, त्यांना ते बरोबर कळतं ही गोष्ट वेगळी.

इंदुरात मराठी मतदार नेमके किती आहेत?

नेमके कोणालाच ठाऊक नाही. मतदार यादीत तुमचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा नंबर असतो. जात, धर्म, भाषा यांचे रकानेच नसतात. जनगणनेत मातृभाषा विचारतात, पण हातात असलेली जनगणना 2011 ची आहे आणि ती पाळण्यातल्या बाळासकट सगळी माणसं मोजते, मतदार मोजत नाही.

मग लोक आडनावं मोजतात. ‘कर’वाली सगळी आपली, असं धरून बोट फिरवायला लागायचं. इथंच घोळ होतो. जोशी आडनाव मराठी, गुजराती, राजस्थानी सगळ्यांचं आहे. पवार म्हणाल तर माळव्यात पवार राजपूतही आहेत. उलट बाजूने, ज्यांच्या आजोबांनी तुकोजीराव होळकरांच्या दरबारात मोडीत अर्ज लिहिले त्यांची नातवंडं घरात हिंदी बोलतात. त्यांना मराठी मतदार धरायचं की नाही? ती पोरं गणपतीत आरती म्हणतात, ‘अपन’ने वाक्य सुरू करतात आणि मत देताना भाषा मनातही आणत नाहीत.

तिकिटाच्या दिवसांत मात्र आकडे फुगतात. इच्छुक उमेदवार पक्षाकडे जाताना समाजाची मतं सांगतो. त्याने सांगितलेला आकडा, शेजारच्या समाजाच्या इच्छुकाने सांगितलेला आकडा आणि तिसऱ्याचा असे सगळे जोडले तर बेरीज शहराच्या एकूण मतदारांच्या वर जाईल.

मराठी मतं एकगठ्ठा पडतात, हे खरं का?

आत्ताचा कल कुठे आहे हे उघड आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मराठी कॉलन्यांच्या बूथांवर बरीच वर्षं भाजपचं पारडं जड राहिलेलं आहे. पण हे पहिल्यापासून असंच होतं असं जे समजतात त्यांनी जरा मागे बघावं.

सरवटे बसस्टँडवरून रोज हजारो लोक गाडी पकडतात, पण ते सरवटे कोण हे शंभरातल्या पाचांनाही सांगता येत नाही. विनायक सीताराम सरवटे, म्हणजे तात्या सरवटे, मध्य भारताकडून संविधान सभेत गेलेले सदस्य होते. मराठीत लिहिणारे, होळकर राज्यातल्या प्रजेच्या चळवळीतून वर आलेले आणि पक्के काँग्रेसी. बालनिकेतन संघाच्या शालिनीताई मोघे या त्यांच्याच कन्या. गिरण्यांमध्ये इंटक या काँग्रेसच्या कामगार संघटनेचे व्ही. व्ही. द्रविड होते, ते पुढे श्रममंत्री झाले. आणि 1962 साली याच इंदुराने होमी दाजींना लोकसभेत पाठवलं. पारशी माणूस, कम्युनिस्ट, अपक्ष म्हणून उभा राहिलेला आणि मजुरांच्या जोरावर निवडून आलेला. त्या काळात एकाच वाड्यात पुढच्या खणात शाखेवर जाणारा काका, मागच्या खणात गिरणीतला लालबावटेवाला भाडेकरू आणि माडीवर खादी घालणारे आजोबा असं दृश्य काही दुर्मीळ नव्हतं. मी स्वतः तसल्या वाड्यात वाढलो. निवडणुकीच्या दिवशी तिघेही एकाच नळावर आंघोळ करून तीन पक्षांना मत द्यायला निघत.

संघ आणि जनसंघाचं कामही मराठी घरांतूनच उभं राहिलं. कुशाभाऊ ठाकरे धारचे. सगळा मध्य प्रदेश त्यांनी पायाखाली घातला आणि 1998 मध्ये भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. गिरण्या बंद पडत गेल्या, हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली आणि त्यांच्याबरोबर मजुरांचं राजकारणही विरलं. वाडे विकले गेले, माणसं कॉलन्यांत गेली. कॉलनीत गणपती एक, वाचनालय एक, सकाळच्या फेरीचा ग्रुप एक. मतही बरंचसं एक झालं. माझ्या मते कल बदलण्याचं हे कारण नेत्यांच्या भाषणांपेक्षा मोठं आहे, पण याला पुरावा मागू नका.

आणखी एक. ‘मराठी समाज’ म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला येणारा प्रेक्षक असतो. होळकरांबरोबर आलेली मराठा आणि धनगर घराणी, महू आणि इंदुरातली आंबेडकरी मराठी कुटुंबं, कासार, शिंपी, सोनार हे सगळे मराठीच आहेत. त्यांचा कल वेगळा असू शकतो आणि असतो. 14 एप्रिलला महूच्या जन्मभूमीवर जाऊन उभे राहा, तिथेही मराठी ऐकू येईल. नाटकाच्या मध्यंतरात कानावर येतं ते राजकारण तिथे नसतं.

भाजपच्या सुमित्राताई महाजन आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या, त्या मराठी मतांवरच ना?

नाही. आठ विधानसभा क्षेत्रांची लोकसभा आहे ही: देपालपूर, राऊ, सांवेर आणि इंदूरचे एक ते पाच नंबर. देपालपूर-सांवेरच्या शेतकऱ्याला चिपळूणहून सून म्हणून आलेल्या बाईंची मातृभाषा काय याच्याशी देणंघेणं नव्हतं.

हिशोब बघा. ताई 1984-85 मध्ये उपमहापौर होत्या. 1985 मध्ये तीन नंबरातून विधानसभेला उभ्या राहिल्या, काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरल्या. तीन नंबर म्हणजे राजवाड्याभोवतीचा जुना भाग, मराठी घरं जिथे सगळ्यात दाट. तिथे हार. चार वर्षांनी, 1989 ला, माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठींना त्यांनी अख्ख्या लोकसभा क्षेत्रात एक लाख अकरा हजारांच्या वर मतांनी पाडलं. मराठी मतांवर जिंकायचं असतं तर उलटं घडायला हवं होतं.

2009 ची गंमत वेगळी. ताई काँग्रेसच्या सत्यनारायण पटेलांविरुद्ध फक्त 11,480 मतांनी निवडून आल्या. त्यानंतर सहा महिने जो भेटेल तो सांगायचा, आमच्या समाजाने ताईंना वाचवलं. मराठी म्हणाले आम्ही, सिंधी म्हणाले आम्ही, अमुक बाजारचे व्यापारी म्हणाले आम्ही. अकरा हजार हा आकडाच असा आहे की कोणीही आपल्या नावावर लावून घ्यावा. 2014 ला फरक 4,66,901 झाला, तेव्हा कोणीच श्रेय मागायला आलं नाही.

2019 ला ताईंना तिकीट नव्हतं. मराठी लोक नाराज होऊन घरी बसले होते का?

नाराजी होती, चहाबरोबर रोज निघायची. घरी मात्र कोणी बसलं नाही. 2014 मध्ये मतदान 62 टक्क्यांच्या आसपास होतं, 2019 मध्ये ते 69 वर गेलं आणि भाजपचे शंकर लालवानी साडेपाच लाखांच्या आसपास फरकाने निवडून आले. ‘आपला उमेदवार नाही तर आपला समाज बाहेर पडणार नाही’ हे वाक्य मी तेव्हा निदान पंचवीस तोंडांतून ऐकलं. त्यातली वीस तोंडं सकाळी नवाच्या आत रांगेत होती.

2024 मध्ये नोटाला (‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाला) दोन लाख मतं पडली. त्यात आपली किती?

भाषेवार मोजता येत नाही, वर सांगितलंच आहे. पण त्या निवडणुकीत काय झालं ते नीट आठवायला हवं, कारण लोक आता ते वाटेल तसं सांगतात.

अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिल 2024 ला, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. मैदानात मोठा विरोधी पक्षच उरला नाही. काँग्रेसने नोटा दाबा म्हणून प्रचार केला. 13 मे रोजी मतदान झालं. लालवानींना 12,26,751 मतं, नोटाला 2,18,674 आणि तिसऱ्या जागी बसपचे उमेदवार, 51,659. देशात तोवर नोटाचा विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, 51,660 चा, म्हणजे बसपच्या त्या आकड्यापेक्षा एकच जास्त. शंभरातली चौदा मतं नोटाला, ही साधी गोष्ट नव्हे.

ही सगळी मतं काँग्रेसवाल्यांची होती का? माझ्या ऐकण्यात तसं नाही. स्वतः सुमित्राताईंनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं की हे असं व्हायला नको होतं आणि आम्ही नोटा दाबणार म्हणून लोकांचे फोन त्यांना आले. हे फोन करणारे वर्षानुवर्षं त्यांनाच मत देत आलेले लोक असणार. आमच्या फेरीतले एक सद्गृहस्थ, जन्मभर एकच चिन्ह दाबलेले, त्या दिवशी परत आल्यावर फक्त म्हणाले, ‘आज शेवटचं बटण.’ पुढे अवाक्षर नाही.

नोटाने निकाल मात्र बदलत नाही. नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी त्याच्या खालचा उमेदवार लोकसभेवर जातो. बटण 2013 पासून आहे, दात नाहीत.

मराठी माणूस बोलतो फार आणि मत द्यायला जात नाही, असं म्हणतात. खरं आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चीडही याचीच येते.

टक्का कसा निघतो ते आधी बघा. पडलेली मतं भागिले यादीतली नावं. राहती माणसं नव्हे, नावं. समजा एका बूथवर हजार नावं आहेत. त्यातली चाळीस माणसं वारली आहेत, दीडशे पुण्या-बंगळूरला गेली आहेत किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला फ्लॅट घेऊन राहायला गेली आहेत. म्हणजे जागेवर 810. त्यातल्या 560 जणांनी मत दिलं. कागदावर 56 टक्के, पेपरात बातमी: सुशिक्षितांची वस्ती मतदानात मागे. प्रत्यक्षात राहणाऱ्यांपैकी 69 टक्के लोक येऊन गेले. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण जुन्या मराठी वस्त्यांचं चित्र साधारण याच जातीचं आहे. वाड्याच्या पत्त्यावर सव्वीस नावं आणि वाड्याच्या जागी कपड्यांचं तीन मजली दुकान, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या समाजाला हे जास्त लागू पडतं, कारण आपली पोरं जास्त बाहेर गेली. एकेका घरात आई-बाबा इंदुरात, मुलगा हिंजवडीत, मुलगी न्यू जर्सीत आणि चारही नावं यादीत. दोघांनी मत दिलं की घराचं मतदान पन्नास टक्के.

आळस नाहीच असं म्हणत नाही. 2024 चा 13 मे सोमवार होता. शनिवार-रविवार जोडून आलेले, शुक्रवारी अक्षय्य तृतीया झालेली, लग्नं, शाळांना सुट्टी, वर मे महिन्याचं ऊन. मुलांची आजोळं नाशिक-पुण्याकडे. त्या साली मतदान 62 टक्क्यांच्याही किंचित खाली राहिलं. या उलट 2023 ची विधानसभा 17 नोव्हेंबरला होती, दिवाळी-भाऊबीज नुकती होऊन गेलेली. बाहेरची मुलं घरी होती, काहींनी परतीची तिकिटं दोन दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी आमच्या बूथवर वर्षानुवर्षं न दिसलेले चेहरे आले. राज्यातही मतदान 77 टक्क्यांच्या आसपास गेलं. तारीख कोणत्या सणाजवळ पडते याचा अभ्यास कोणी केला तर बरंच काही निघेल.

छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी सकाळी लवकर मत देणाऱ्यांना फुकट पोहे-जिलेबी ठेवली होती. जे तसेही सकाळी सातला जाणारच होते त्यांनी ती खाल्ली. जे जाणार नव्हते ते जिलेबीसाठी उठले असतील यावर माझा विश्वास नाही, पण कल्पना इंदुराला शोभणारी होती.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याचं नाव इथेच राहू दिलं तर काय हरकत?

नाव एकाच ठिकाणी असावं असा कायदा आहे आणि ते जिथे माणूस साधारणपणे राहतो तिथे असावं. दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे. खोटं निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात कायमचा स्थिरावला असेल तर त्याने तिथून फॉर्म 8 भरावा, इथलं नाव आपोआप निघतं. शिकत असेल आणि वसतिगृहात राहत असेल तर त्याला दोन्ही पर्याय आहेत, घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा, पण एकच.

आया हे ऐकल्यावर गप्प होतात. यादीतून नाव काढणं म्हणजे रेशनकार्डातून, घरातून काढल्यासारखं वाटतं त्यांना. एका काकूंनी मला सरळ सांगितलं, ‘राहू दे हो, येईल तो परत.’ मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला आहे. मी फॉर्म तिथेच ठेवून आलो.

परदेशातल्या मुलांनी तिथलं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म 6-ए भरून नाव ठेवता येतं. मत मात्र इथे येऊन, पासपोर्ट दाखवूनच द्यावं लागतं.

यादीत आमचं आडनाव चुकलं आहे. मत देता येईल का?

येईल. बारीकसारीक चुकांवरून कोणाला परत पाठवत नाहीत, फोटो आणि बाकीचा तपशील जुळला पाहिजे.

पण ही चूक आपल्याकडे इतकी आहे की थोडं सविस्तर सांगतो. मध्य प्रदेशाची यादी हिंदीत आहे आणि टाइप करणाऱ्याच्या बोटांना ‘ळ’ची सवय नाही. त्यामुळे काळे झाले काले, गोळे झाले गोले, पळशीकर पलशीकर. आमच्या गल्लीतले मुळे यादीत ‘मुले’ आहेत. सत्तरीच्या गृहस्थांना दर पाच वर्षांनी मुलं म्हणवून घ्यावं लागतं. केळकर, वेळणकर यांनी तर ल स्वीकारूनच टाकला आहे, पोरं सहीसुद्धा तशीच करतात.

दुसरी भानगड नावांची. लग्नात नाव बदलायची आपली रीत. माहेरची सुनंदा, सासरची वैदेही. आधार एका नावाचं, ओळखपत्र दुसऱ्या, दहावीचं प्रमाणपत्र तिसऱ्या, आणि सगळ्या कॉलनीला त्या ‘माई’ म्हणून माहीत. त्यात मधलं नाव. आपण बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मधे घालतो, हिंदी यादीत ते वेगळ्या रकान्यात जातं, मग कधी ते दोन्हीकडे येतं आणि कधी कुठेच येत नाही. हे सगळं फॉर्म 8 ने दुरुस्त होतं. निवडणूक जाहीर होण्याआधी करा, नंतर कोणालाच वेळ नसतो.

2025 मध्ये घरोघरी फॉर्म वाटले, 2003 ची यादी मागितली. ते काय होतं?

मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण. मध्य प्रदेशात ते 4 नोव्हेंबर 2025 ला सुरू झालं. बीएलओ, म्हणजे बूथचं काम बघणारे अधिकारी, घरी फॉर्म देऊन गेले. 2003 च्या यादीत तुमचं किंवा आई-वडिलांचं नाव कुठे होतं ते त्यात दाखवायचं होतं.

जुन्या इंदुरी घरांना हे सोपं गेलं. नाव सापडलं ते जुन्या वाड्याच्या पत्त्यावर, आणि यादी बघता बघता माणसं रडवेली झाली, कारण आजोबा, काका, गेलेली सगळी मंडळी एका पानावर बसलेली होती. अवघड गेलं ते सुनांना. नागपूर, अकोला, सांगलीहून लग्न होऊन आलेल्या, 2003 ला लहान किंवा तिथल्या यादीत. त्यांना आई-वडिलांचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत शोधायचं होतं. दुसऱ्या राज्यातला दुवा चालतो, हेच अनेकींना कोणी सांगितलं नाही. माझ्या स्वतःच्या सुनेचं नाव तिच्या वडिलांच्या गावच्या यादीत सापडायला आम्हाला तीन संध्याकाळ लागल्या, कारण तिथे आडनावात ळ होता आणि आम्ही इंदुरी सवयीने ल शोधत होतो.

नाव गळलं असेल तर फॉर्म 6 भरून पुन्हा घालता येतं. त्याला मुदत संपली असं होत नाही, फक्त निवडणुकीच्या अगदी तोंडावर गेलात तर त्या खेपेला उपयोग नाही.

नव्याने अठरा पूर्ण होणाऱ्यांनी जानेवारीची वाट बघायची का?

आता नाही. वर्षात चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही चालतो.

आजींना जिना उतरवत नाही. घरून मत देता येतं का?

वय 85 च्या वर असेल तर, किंवा 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर. 2024 च्या आधी ही मर्यादा 80 होती, म्हणून पुष्कळांना ती जुनीच आठवते. फॉर्म 12-डी भरायचा आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा. मग ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्यांची टोळी कॅमेऱ्यासकट घरी येते, मतपत्रिकेवर खूण करायची, पाकिटात घालून द्यायची. एकदा हा पर्याय घेतला की मतदान केंद्रावर जाता येत नाही.

एक सल्ला. त्या दिवशी अख्ख्या कुटुंबाने आजीभोवती गोळा होऊन ‘इथे कर, इथे कर’ करू नये. गुप्त मतदान घरातही गुप्तच असतं. आजींना चिन्हं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

आपल्या कॉलनीने कोणाला मत दिलं हे पक्षवाल्यांना कळतं का?

तुम्ही एकट्याने कोणाला दिलं ते कळत नाही. तुम्ही आलात की नाही ते कळतं, कारण आत बसलेले मतदान प्रतिनिधी आपल्या यादीवर खुणा करत असतात. दुपारी तीननंतर पन्ना प्रमुखाचा, म्हणजे यादीचं एकेक पान सांभाळणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याचा, फोन येतो तो त्यामुळेच.

बूथने काय केलं ते मात्र पूर्ण कळतं. यंत्र बूथवार मोजतात आणि निकालानंतर फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथचे आकडे छापून येतात, कोणीही पाहू शकतो. हजार-बाराशे नावांचा बूथ, त्यातही एकाच तऱ्हेची घरं. म्हणजे छोट्या समाजाचं मत झाकलेलं राहत नाही. अमुक पक्षाला आमच्या बूथवर मूठभर मतं पडली की ती मूठ कोणाची यावर आठवडाभर अंदाज चालतात. बरेचदा ज्याच्यावर संशय घेतात तो त्यातला नसतोच. सगळ्या बूथांची यंत्रं एकत्र मिसळून मोजायची सूचना निवडणूक आयोगाने पूर्वी केली होती, ती अमलात आली नाही.

समाजाच्या मंडळाने एखाद्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर करावा का?

माझं मत विचाराल तर करू नये. मंडळात गणपतीची वर्गणी सगळे देतात, त्यात काँग्रेसवालाही देतो.

कायदाही बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) मध्ये धर्म, जात, समाज याबरोबर भाषेच्या नावावर मत मागणं हेही भ्रष्ट आचरण मानलं आहे. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की उमेदवाराचीच नाही, मतदाराची भाषा किंवा धर्म पुढे करून केलेलं आवाहनही यात येतं. ‘मराठी माणसा, मराठी उमेदवारालाच मत दे’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलण्याआधी एवढं माहीत असावं. आपल्या समाजाचा माणूस जिंकावा असं वाटणं वेगळं आणि ते उमेदवाराच्या संमतीने पत्रकावर छापणं वेगळं.

महापालिकेच्या निवडणुकीत तरी मराठी मतं निर्णायक असतात का?

तिथे जास्त शक्यता आहे. शहरात 85 वॉर्ड आहेत. वॉर्ड लहान, त्यामुळे दोन कॉलन्या मिळूनसुद्धा पार्षद, म्हणजे नगरसेवक, पडू किंवा निघू शकतो. पण गंमत अशी की लोकसभेला तावातावाने बोलणारे लोक पार्षदाच्या मतदानाला जात नाहीत, आणि नळाचं पाणी, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी यांची तक्रार पार्षदाकडेच करतात.

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि यादी वॉर्डवार वेगळी लावली जाते. 2022 ला आमच्या इथे एकाच घरातली तीन माणसं तीन मतदान केंद्रांवर लागली होती. लोकसभेला नाव आहे म्हणून इथेही असेल असं धरून चालू नका.

महूच्या मावशी आणि आम्ही एकाच जिल्ह्यात, मग त्यांचा खासदार वेगळा कसा?

महू विधानसभा इंदूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला धारमध्ये मोडते. त्यामुळे 2009 आणि 2014 ला मावशींनी ताईंना मत दिलेलं नाही, त्या कितीही सांगोत.

पर्ची आली नाही. चालेल का?

चालेल. पर्ची ही फक्त खोली आणि अनुक्रमांक शोधायची सोय आहे, ओळखीचा पुरावा नव्हे. नुसती पर्ची घेऊन गेलात तर परत पाठवतील. मतदार ओळखपत्र न्या, नाहीतर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यातलं काही. नाव 1950 वर फोन करून किंवा निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर सापडतं. पक्षांची टेबलं केंद्रापासून शंभर मीटरच्या पलीकडे असतात (2025 पर्यंत ती दोनशे मीटर लांब असायची), तिथेही शोधून देतात. कोणाच्या टेबलावरून पर्ची घेतली म्हणून त्यालाच मत द्यायचं नसतं, हे लिहायची गरज नाही असं वाटलं होतं, पण एका आजोबांनी विचारलं म्हणून लिहितो.

माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर?

घरी परतू नका. केंद्राध्यक्षाला सांगा, ओळख पटवा आणि निविदत्त मत मागा. यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर खूण करून ती पाकिटात बंद करतात आणि तुमची सही घेतात. ती मत म्हणून लगेच मोजली जात नाही, न्यायालयात वाद गेला तरच उघडते. तरीही मागा, कारण नोंद राहते. मी ड्यूटीवर असताना एका बाईंनी ते मागितलं होतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो फॉर्म कुठल्या पाकिटात आहे हे माहीत नव्हतं. बाई वीस मिनिटं शांतपणे उभ्या राहिल्या आणि मत देऊनच गेल्या.

ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचंही असंच आहे का?

तिथे शिंदे घराणं अजून राजकारणात आहे, आपल्याकडे होळकर नाहीत. त्यामुळे तिथला कल पक्षापेक्षा महालाभोवती जास्त फिरत आला. शेजवलकर पिता-पुत्र दोघेही तिथून खासदार झाले, नारायण कृष्ण शेजवलकर 1977 आणि 1980 ला, विवेक शेजवलकर 2019 ला. बाकी ळ चा ल तिकडेही होतोच.

आमच्या कॉलनीत मतदान वाढवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

घोषणाफलक आणि रांगोळ्या नंतर. आधी बूथची यादी उतरवून घ्या आणि दोघांनी मिळून घरोघरी जा. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची: आहे, गेले, वारले, लग्न होऊन गेली. वारलेल्यांसाठी फॉर्म 7 घरच्यांकडूनच भरून घ्या, तुम्ही परस्पर भरू नका. गेल्या वेळी एका उत्साही तरुणाने परस्पर यादी दिली आणि त्यात एक जिवंत आजोबा होते. ते मतदान केंद्रावर काठी टेकत आले, स्वतःचं नाव कापलेलं पाहिलं आणि त्या तरुणाला त्यांनी भर रांगेत जे सुनावलं ते सगळं मराठीत होतं.

पावसाळ्यात करा. लोक घरी असतात, चहा मिळतो.